घोंगडी परत केल्याची गोष्ट

बारामतीच्या आमच्या चर्चमध्ये एक पद्धत आहे. ज्याचा वाढदिवस त्या आठवड्यात असेल त्याने रविवारी उपासनेत पुढे यायचं, पाळकसाहेब त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि माणूस साठीच्या पुढचा असेल तर त्याने चार शब्द साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर सांगायचं. प्रत्यक्षात बहुतेक जण आपण काय केलं तेच सांगतात आणि शेवटी देवाचे आभार मानून खाली बसतात. दुसऱ्याच्या बाबतीत हे माझ्या चटकन लक्षात येतं. गेल्या दिवाळीनंतर मला सत्तर वर्षं पूर्ण झाली आणि माझी पाळी आली.

मी तयारी केली. मी सगळ्याचीच तयारी करतो, त्यावरून घरात पुरेशी थट्टा होते. इंदापूर तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक म्हणून मी निवृत्त झालो. बायको त्याच शाळेत गणित शिकवायची. तास संपल्याची घंटा अर्धा मिनिट उशिरा झाली तरी मी ऑफिसबाहेर येऊन उभा राहायचो, असला माणूस साक्ष काय बिनतयारीची देणार? एका कागदावर मुद्दे काढले, आकडे घातले, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल रेघा मारल्या.

या सवयीचं मूळ माझ्या वडिलांत आहे. ते मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. जेवायला बसलं की ताटावरची प्रार्थना व्हायची आणि मग ते विचारायचे, "आज देवाला दाखवण्यासारखं काय केलंस?" ते हसत विचारायचे, बहुतेक वेळा उत्तराची वाटही बघायचे नाहीत. पण मी ते फार मनावर घेतलं. पुढे नोकरी लागल्यावर मी एक तपकिरी रेक्झिनची फाइल केली. तिच्यात प्रशस्तिपत्रं, तपासणी अधिकाऱ्यांचे चांगले शेरे, निकालाची कात्रणं, आदर्श शिक्षक म्हणून झालेल्या सत्काराचा फोटो असं सगळं तारखेप्रमाणे लावलेलं आहे. बायको तिला माझा स्वर्गाचा व्हिसा म्हणते. मी वरवर हसतो, पण खरं सांगायचं तर कधीतरी ती फाइल उघडून कुणालातरी दाखवायची आहे, या हिशेबानेच मी जगलो.

तर त्या रविवारी मी उभा राहिलो आणि दहा मिनिटं बोललो. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधून घेतलं ते सांगितलं. माळरानावर लावलेल्या चिंचांचं सांगितलं. दहावीचा निकाल सलग सहा वर्षं शंभर टक्के लागला ते तर सांगितलंच. आणि शेवटी माझी ठेवणीतली गोष्ट सांगितली, घोंगडीची.

ती अशी. एका वर्षी नववीच्या निकालानंतर एक मेंढपाळ आपल्या मुलीला घेऊन आमच्या दारात आला. मुलगी नापास झाली होती. तो दाराशीच उभा राहिला, बगलेतून एक नवीकोरी काळी घोंगडी काढली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "सर, तेवढं पोरीचं बघा की." मी घोंगडीला हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, "आबा, हे घेऊन जा. माझ्याकडे असली कामं होत नाहीत." तो बिचारा घोंगडी गुंडाळून परत गेला. इथे मी नेहमी थोडा थांबतो, तसाच त्या दिवशीही थांबलो. मग म्हणालो, ख्रिस्ती माणसाने हात असे स्वच्छ ठेवावेत. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मोठ्याने "आमेन" म्हटलं. मला फार बरं वाटलं.

घरी आल्यावर बायको गवार मोडायला बसली. मी चहाची वाट बघत पेपर चाळत होतो. ती मान वर न करता म्हणाली, "घोंगडीचं छान सांगता तुम्ही. पोरीचं कधी सांगत नाही."

"पोरीचं काय?"

"अडतीस मार्क होते तिला. मी दिले होते."

माझ्या हातातला पेपर तसाच राहिला.  ती गवार संपेपर्यंत मोडत बसली आणि मग उठून चहा ठेवला. आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. माझ्याशी भांडायचं नसलं की ती असंच एक वाक्य बोलते.

जे शाळेत नोकरीला नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. शंभर टक्के निकाल दहावीत लागत नाही, तो नववीत लावावा लागतो. दहावीच्या परीक्षेला बसतील त्यांच्यातून टक्केवारी निघते. मग जी मुलं तिथे डगमगतील अशी शंका आहे, त्यांना नववीतच अडवायचं. त्यांनी वर्ष परत करावं, शाळा सोडावी, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावं. बाहेरून बसलेल्यांचा निकाल शाळेच्या नावावर येत नाही. हे सगळेच करायचे. मीही केलं, आणि नीटनेटकं केलं. निकालाच्या आधी यादी घेऊन बसायचो, सहा-सात नावांवर पेन्सिलीने खुणा करायचो आणि त्या त्या शिक्षकांना म्हणायचो, "हा पेपर जरा परत तपासा." शिक्षकांना समजायचं. बायकोलाही समजलं. अडतीसचे एकतीस झाले.

ती मुलगी मेंढपाळाची. आईबाप मेंढरं घेऊन निघाले की ही आजीपाशी राहायची, पण कोकरं झाली की तिलाही जावं लागे, मग महिना महिना गैरहजर. मराठीत बरी होती, गणितात काठावर. दहावीत ती घसरेल असं मला वाटलं. वाटलं एवढंच. पुढच्या वर्षी तिच्या वर्गातली बाकीची मुलं दहावीला बसली, आमचा निकाल पहिल्यांदा शंभर टक्के लागला, गावाने पेढे वाटले आणि माझ्या फाइलीत पहिलं कात्रण आलं.

मी संडे स्कूलमध्येही मुलांना शिकवायचो. शंभर मेंढरांतलं एक हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णवांना रानात सोडून त्या एकाच्या मागे जातो, हा दृष्टांत मी कितीतरी वर्षं शिकवला. पुठ्ठ्यावर कापसाची मेंढरं चिकटवून घ्यायचो. सगळ्यांनी मेंढरं मोजून चिकटवावीत यावर माझा कटाक्ष असे. ते शिकवत असतानाही मला ती मुलगी एकदाही आठवली नाही. याची मला आज जेवढी लाज वाटते तेवढी अडतीसचे एकतीस केल्याचीही वाटत नाही.

दोन दिवस मी स्वतःशी हुज्जत घातली. सगळेच करत होते. वरून निकालासाठी दबाव होता. निकाल घसरला असता तर तुकडी बंद पडली असती, शिक्षक उघड्यावर आले असते. हे सगळं खरंही आहे. पण ते देवाला सांगून बघावं म्हणून प्रार्थनेला बसलो तर एक वाक्य पुरं होईना. मंगळवारी सकाळी मी आमच्या शाळेच्या जुन्या शिपायाला फोन लावला. गावातली एकूण एक माणसं त्याला ठाऊक.

"ती व्हय? तिचा बाप वारला की सर, झाली चार-पाच वरसं," तो म्हणाला. "ती आता सासरच्या मेंढरांबरं आसती. दिवाळी झाली की त्यांचं बिऱ्हाड निघतं. परवा कळस गावाहून म्होरं गेलं म्हणत हुते. काटेवाडीच्या आसपास बघा, कुणाच्यातरी रानात बसली आसतील मेंढरं."

बायकोला म्हटलं, "चल बरोबर." ती म्हणाली, "मी त्याच दिवशी घोंगडीवाल्याच्या मागे जायला हवं होतं, तेव्हा गेले नाही. आता तुम्ही एकटे जा. मी माझी वेगळी जाईन." मग मी साक्षीच्या दिवशीचाच सदरा घातला आणि स्कूटर काढली. तो कागद खिशात तसाच होता.

कारखाने सुरू झाले होते. उसाने भरलेले ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत चालले होते आणि त्यांच्या मागे जीव मुठीत धरून मी. काटेवाडीच्या अलीकडे एका शेतकऱ्याने बांधावरून हात करून रान दाखवलं. बाजरी निघालेलं मोकळं रान होतं. शेतात मेंढरं रात्री बसवली की जमिनीला खत मिळतं, म्हणून शेतकरी बोलावून जागा देतात. मी पोचलो तेव्हा गडीमाणसं मेंढरं चारायला घेऊन गेली होती. मागे दोन घोडी, एक कुत्रं, तीन दगडांची चूल आणि जाळीत कोंडलेली दहा-पंधरा कोकरं होती. एक बाई पाठमोरी बसून मांडीवरच्या कोकराला बाटलीने दूध पाजत होती.

मी तिच्या माहेरच्या गावाचं नाव घेतलं आणि विचारलं, "तिथली लेक इथे कुणी आहे का?"

ती वळली नाही, आधी बोलली. "सर?"

मग वळून बघितलं. "तुमीच ना? आवाजावरनं वळखलं. हा आवाज वऱ्हांड्यात आला की आमी बाकावर ताठ बसायचो."

मला ती ओळखू आली नाही. दोन वेण्यांची, वहीत मान घालून बसणारी मुलगी माझ्या डोळ्यांपुढे होती. ही पस्तिशी उलटलेली, उन्हाने रापलेली बाई होती. तिचा चेहरा एकदम उतरला. "पोरीचं काय झालं का? माझी पोरगी गावाकडं सासूपाशी आसती, आठवीला हाय."

"तिचं काही नाही," मी घाईने म्हणालो. "मी तुझ्याकडेच आलोय."

तिने सुटकेचा श्वास टाकला, मांडीवरचं कोकरू तसंच ठेवून एका हाताने चुलीत लाकूड सारलं, त्यावर चहाचं भांडं चढवलं आणि मला बसायला काहीतरी शोधू लागली. घोड्याच्या पाठीवर काळी घोंगडी टाकलेली होती, तिकडे तिची नजर गेली. मी म्हणालो, "थांब. आधी माझं ऐक. मी उभाच बरा."

छत्तीस वर्षं मी वर्गात उभा राहून बोललो, पण असं बोलणं कधी वाट्याला आलं नव्हतं.  मी म्हणालो, "तू नववीत नापास झाली नव्हतीस. तुला गणितात अडतीस मार्क होते. मी कमी करायला लावले. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून. तुझा काही दोष नव्हता. माझा होता."

कोकरू चुटूचुटू दूध ओढत होतं. तिने बाटली काढली नाही.

"अडतीस?" ती म्हणाली.

"अडतीस."

"गनितात?"

"गणितात."

 मला वाटलं आता ही शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तिने कोकराचं तोंड पदराने पुसलं, त्याला जाळीत सोडलं, दुसरं उचललं. पंधरा कोकरांतून हेच पाजायचं राहिलंय हे तिला कसं कळलं ते तिचं तिलाच ठाऊक. मला सगळी एकसारखी दिसत होती.

"अंगनवाडीची जागा निघाली हुती आमच्यात," ती म्हणाली. "धावी पास पायजे हुती. मी म्हनलं, आपल्याला डोस्कंच न्हाय तर कशाला आशा करायची. लेकीलाबी तेच सांगती मी. म्हनती, तू तुझ्या बापावर जा बाई, मला डोस्कं न्हवतं."

तिने दुसऱ्या कोकराच्या तोंडात बाटली दिली.

"आन् आबा काय म्हनायचं, ठावं हाय?" तिचा आवाज चढला नव्हता. ती मला नुसती माहिती देत होती. "आई म्हनायची, सरांनी मुद्दाम क्येलं आसंल. पर आबा म्हनायचं, न्हाय. त्या मानसानं नवी घोंगडीसुदिक घेतली न्हाय. इतका सच्चा मानूस खोटं मार्क दील व्हय? म्हंजी आपलीच पोरगी कच्ची. मरस्तवर त्येंच्या मनात त्येच ऱ्हायलं."

 वीस वर्षं मी ती गोष्ट सांगत होतो. लग्नात, सत्कारात, शिक्षकांच्या बैठकीत, परवा देवाच्या घरात. माझ्या स्वच्छ हातांचा एवढा एक पुरावा होता, आणि एका बापाने तो पुरावा धरून आपल्या लेकीला कच्ची ठरवलं होतं. मी लाच घेतली असती तर बरं झालं असतं. निदान त्याला संशय तरी आला असता.

"मला ती लाच वाटली," मी कसंबसं म्हणालो.

"लाच कशाची? आमच्यात नववीला जानारी मी पयलीच. त्येची हुती ती. सूत माझं हुतं, चातीवर मी कातल्यालं. जूनमदीच द्यायची ठरली हुती तुमाला, पर विननाऱ्यानं वरीसभर लोंबत ठिवली. ती हातात आली आन् निकाल बी त्याच हप्त्यात आला. आबा म्हनलं, कबूल केल्याली हाय, देऊन टाकू, आन् जाताजाता तुझं बी इचारू." ती पहिल्यांदा थोडी हसली. "आबाला येळ काळ कळायचाच न्हाय."

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते आठवत नाही, फार चांगली मागितली नसावी. मुख्याध्यापकाला सवय नसते. मग मला एकदम काहीतरी करायची घाई झाली. मी म्हणालो, अजून सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो, मी स्वतः भरून देतो, आम्ही दोघं येऊन शिकवतो, पुस्तकं आणतो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ते बगू म्होरं," ती म्हणाली. "आज येक करा. लिवून द्या."

"काय?"

"आत्ता बोलला त्येच. मी पास हुते म्हनून. तुमच्या हातानं."

मी खिशात हात घातला. त्या साक्षीच्या कागदाखेरीज माझ्याकडे दुसरा कागद नव्हता. तो पाठकोरा होता. स्कूटरच्या सीटवर ठेवून मी मागच्या बाजूला तिचं पूर्ण नाव लिहिलं, शाळेचं नाव लिहिलं आणि लिहिलं की ही विद्यार्थिनी इयत्ता नववीत सर्व विषयांत उत्तीर्ण होती, तिला अनुत्तीर्ण दाखवण्याचा निर्णय माझा होता आणि तो अन्यायाचा होता. खाली सही केली. सवयीने शिक्क्यासाठी जागा सोडली.

तिने हात पदराला पुसून कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. सावकाश, पण कुठेही न अडखळता. 'अनुत्तीर्ण'सुद्धा नीट वाचलं. मग उलटवून पुढची बाजू वाचली. तिथे माझी शंभर टक्क्यांची सहा सालं ओळीने लिहिलेली होती, लाल रेघांसकट.

"ह्यातलं माझं साल कंचं?"

मी पहिल्यावर बोट ठेवलं.

तिने माझ्या बोटाखालचं साल बघितलं आणि मग कागदाची चौघडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. "लेकीला वाचाया दीन," ती म्हणाली. "आबा असतं तर..." एवढंच म्हणून ती उठली.

आजवर मी जे काही जमवलं होतं ते दाखवण्यासाठी जमवलं होतं. त्यातला हा एकच कागद असा होता की जो मला कुणालाही दाखवावासा वाटला नसता, आणि तोच तेवढा माझ्या हातून निघून कुणाच्यातरी उपयोगी पडला होता. देवापुढे उभं राहीन तेव्हा फाइल बरोबर नसेल, हे मला त्या रानात उभ्या उभ्या कळलं आणि भीती वाटली. त्या बाईसमोर उभं राहायला जेवढी भीती वाटली तेवढीच.

चहा उतू जायला आला होता. तिने भांडं उतरवलं, दोन कपांत ओतला. मग घोड्यापाशी जाऊन ती काळी घोंगडी ओढून काढली. कडा विरलेल्या होत्या, एका कोपऱ्याला ठिगळ होतं, कोकरांचे केस चिकटले होते. तिने ती दोनदा झटकली.

"आबांनी लग्नात मला दिली," ती म्हणाली. "म्हनलं, सरांची हाय, जपून वापर."

बाभळीच्या सावलीत तिने ती अंथरली आणि हाताने सारखी केली.

"बसा आता, सर."

मी चपला काढल्या आणि बसलो.